जखम भरली, भीती राहिली

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. घरे पडली. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. जखमी पोरांना दवाखान्यात नेले. हाड जुळते, जखम भरते. मनाला बसलेला धक्का मात्र डोळ्यांना दिसत नाही.

भूकंप असो, अपघात असो, भाजणे असो. चौदा-पंधरा वर्षांचे पोर खाटेवर पडलेले असते. झोपेत ओरडते. खाट हलली की दचकते. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. कुणी चिडते, कुणी गप्पच होते. मोठे पोर रडायला लाजते, म्हणून आपल्याला कळतही नाही. उलट आपण म्हणतो, “एवढा घोडा झालास, भितोस काय?”

कुणी म्हणते, बाहेरचे आहे. अंगारा लावा, आमची ना नाही. पण हा आजार आहे, त्याला औषधपाणी आहे. डॉक्टरांना सांगा.

पोराजवळ बसावे. बोलेल तेवढे ऐकावे, खोदून विचारू नये. महिना लोटला तरी भीती हटत नसेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे न्यावे. ते पोराशी बोलून बोलून हळूहळू भीती सोडवतात. “जगून काय करू?” असे पोर म्हणाले, तर महिना कसला, त्याच दिवशी सांगावे. त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा सरकारी फोन रात्रंदिवस चालू असतो. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.