पदकाच्या कडेवरील नाव

चंडीगढपासून जवळच, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी चंडीमंदिर ही लष्करी छावणी आहे. सैन्याच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय १९८५ पासून येथे आहे. अशा छावणीतील जवानाच्या हाती एखादे जुने सेवापदक दिले, तर तो केवळ त्याची दर्शनी बाजू पाहून थांबत नाही. ते आडवे धरून कड न्याहाळतो. सेवापदकाच्या कडेवर ते मिळविणाऱ्याचा क्रमांक, हुद्दा आणि नाव उमटविलेले असते, हे त्याला ठाऊक असते. जागतिक प्रदर्शनांतील जुनी पारितोषिक-पदके जमवू इच्छिणाऱ्याने हीच सवय आधी अंगी बाणवावी.

अशा प्रदर्शनांची परंपरा लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनापासून मोजतात. तेथे पहिल्या दर्जाची १७० ‘कौन्सिल’ पदके आणि त्याखालोखाल २,९१८ ‘प्राइझ’ पदके देण्यात आली. दोन्ही ब्राँझची. प्राइझ पदकाच्या कडेवर विजेत्याचे नाव आणि त्याच्या मालाचा वर्गक्रमांक आढळतो. एवढ्या आधारावर परीक्षकांच्या छापील अहवालात त्याची नोंद शोधता येते, आणि हातातील चकती एकदम एखाद्या विणकराची किंवा यंत्रकाराची होऊन बसते.

धातूविषयी मात्र आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. पदक म्हटले की ते सोन्याचे, असे गृहीत धरण्याची आपली प्रवृत्ती. राजा रविवर्मा यांचेच उदाहरण घ्यावे. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी मराठी घराघरांतल्या भिंतींवर असत. त्यांचा शिळाछापाचा कारखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९३ मध्ये, त्यांची दहा चित्रे शिकागोच्या कोलंबियन प्रदर्शनास गेली होती आणि त्यांचा तेथे गौरव झाला. या गौरवाचे वर्णन कोठे ‘दोन सुवर्णपदके’ तर कोठे ‘तीन सुवर्णपदके’ असे वाचावयास मिळते. परंतु शिकागोला सुवर्णपदक नव्हतेच! पहिला, दुसरा, तिसरा अशी प्रतवारी तेथे मुद्दाम टाळण्यात आली होती. प्रत्येक वस्तू तिच्या स्वतंत्र गुणांवर पारखावी आणि पात्र ठरलेल्या सर्वांना एकाच नमुन्याचे ब्राँझचे पदक व प्रशस्तिपत्र द्यावे, असा नियम होता. अशी वीस हजारांहून अधिक पारितोषिके दिली गेली. त्यापूर्वी १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही रविवर्म्यांचा सन्मान झाला होता. तेथील पदकेही ब्राँझचीच. सोन्याचे पदक त्यांना मिळाले होते हे खरे, पण ते त्याच वर्षी मद्रासच्या प्रदर्शनात, गव्हर्नरच्या नावाचे. हा सन्मान आणि परदेशातील सन्मान लिहिणाऱ्यांच्या मनात एकमेकांत मिसळले असावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. यात चित्रकाराला उणेपणा येत नाही. मात्र उद्या कोणी ‘रविवर्म्यांचे शिकागोचे सुवर्णपदक’ म्हणून पिवळीधमक चकती विकावयास आणली, तर ती का घेऊ नये हे वाचकास उमगले असेल.

शिकागोच्या पदकाची एक बाजू ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने घडविली. तिच्यावर किनाऱ्यावर पाऊल टाकणारा कोलंबस आहे. पाठीमागच्या बाजूसाठी त्याने योजिलेली नग्न युवकाची आकृती अधिकाऱ्यांना रुचली नाही, आणि ते काम टाकसाळीतील चार्ल्स बार्बरकडे गेले. विजेत्याचे नाव येथे कडेवर नसून मागील फलकावर, उठावाच्या अक्षरांत आहे. त्यासाठी ठशात नावाचा तुकडा दर वेळी बदलून बसवीत. म्हणून या पदकावर खोल कोरलेले नाव दिसल्यास संशय घ्यावा. पदके विजेत्यांच्या हाती पडावयास १८९६ साल उजाडले. ती अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत येत. हा धातू त्या काळी नवलाईचा होता. डबीसह मिळालेले पदक अर्थातच अधिक मोलाचे.

बनावट नग बहुधा ओतीव असतात. अस्सल पदक ठशाखाली दाबून काढलेले असल्याने त्याची अक्षरे धारदार असतात. ओतीव नकलेत ती बोथटतात, पृष्ठावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात आणि धातू आकसल्यामुळे व्यासही किंचित कमी भरतो. याशिवाय प्रदर्शनाच्या आवारात स्मरणवस्तू म्हणून विकली जाणारी पदके वेगळी. मुंबईच्या चोरबाजारात काय किंवा अन्यत्र काय, ती पारितोषिके म्हणून खपविली जाण्याचा संभव असतो. ती जमविण्यासही हरकत नाही, किंमत मात्र स्मरणवस्तूचीच द्यावी.

आपल्या घरांत जुन्या पदकाचा खरा शत्रू चिंच आहे. दिवाळीपूर्वी पितळेच्या भांड्यांबरोबर पदकही घासून लख्ख केले, की शंभर वर्षांत चढलेला तपकिरी रंग आणि नावाची बारीक अक्षरे दोन्ही जातात. मऊ, कोरड्या फडक्याने धूळ टिपावी. त्यापलीकडे काही करू नये.

शंभर वर्षांहून जुन्या अशा कलाकृती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. परदेशातील संग्राहकाशी अदलाबदल ठरविण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. खरेदीची पावती जपावी, आणि पदक कोणत्या गावातून, कोणाच्या संग्रहातून आले ते त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावे. आठवड्याभराने विकणाऱ्यालाही ते आठवत नाही.