कॅरनटूहिल : आयर्लंडचें सर्वोच्च शिखर

पर्वताची योग्यता केवळ उंचीच्या आंकड्यावरून ठरवूं नये, हें आम्ही वर्गांत वारंवार सांगत असतों. आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागांतील केरी परगण्यांत असलेलें कॅरनटूहिल हें शिखर त्याचें उत्तम उदाहरण होय. त्याची उंची सुमारें १,०३८ मीटर, म्हणजे ३,४०० फुटांहून किंचित् अधिक. तथापि त्या देशांत याहून उंच शिखर नाहीं. बीनकेरा व कहर हीं पुढील दोन शिखरें त्यास लागूनच आहेत. या रांगेस मॅकगिलिकडी रीक्स असें एका जुन्या घराण्यावरून म्हणतात; तिच्या आयरिश नांवाचा अर्थ 'काळ्या गंजी' असा आहे.

हे डोंगर इतके खडबडीत कां, तें आतां पाहूं. येथील खडक तांबड्या वालुकाश्माचा आहे. पस्तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं नद्यांनीं आणलेल्या वाळूचे व गाळाचे थर दडपून तो बनला. पुढें भूकवचाच्या दाबानें ते थर दुमडले व उचलले गेले. त्यानंतर हिमयुगांत हिमनद्यांनीं त्यांच्या कुशी कोरल्या. दोन बाजूंनीं बर्फ पोखरीत आला, तेथें मध्यें चाकूच्या पात्यासारखी धार तेवढी उरली. कॅरनटूहिल व बीनकेरा यांस जोडणारी धार अशीच आहे. जेथें बर्फानें खोलगट जागा केल्या, तेथें आतां सरोवरें आहेत. 'म्हातारीचें खोरें' या अर्थाच्या हॅग्ज ग्लेनमध्यें गूरा व कॅली हीं दोन सरोवरें वाटसरूच्या दोहों बाजूंस दिसतात.

याच खोऱ्यांतून शिखराची प्रसिद्ध वाट जाते. जाऊनयेऊन सुमारें १२ किलोमीटर अंतर. परंतु त्यास पांचसहा तास सहज लागतात. खोऱ्याच्या शेवटीं 'सैतानाची शिडी' नांवाची उभी घळ आहे. असंख्य पावलांनीं तिची माती झिजून दगड सुटे झाले आहेत. वरच्या माणसाच्या पायाखालून निसटलेला धोंडा खालच्याच्या अंगावर येतो. म्हणून पुष्कळ जाणते लोक उतरतांना शेजारच्या डोंगरावरील नागमोडी वाट पसंत करितात. माथ्यावर पोलादी क्रूस आहे.

खरा धोका मात्र हवेचा. अटलांटिक महासागरावरून येणारे ओले वारे प्रथम याच डोंगरांस अडतात. खोऱ्यांत ऊन असतां माथा ढगांत बुडालेला असूं शकतो. धुक्यांत दिशा चुकून ईशान्येस वळलें, तर पुढें कडे आहेत. डिसेंबरांत साडेचारच्या सुमारास सूर्यास्तही होतो. यास्तव नकाशा, होकायंत्र, उबदार वस्त्रें व दिवा जवळ असणें आणि ते वापरतां येणें अवश्य आहे. अडलेल्यांस सोडविण्याकरितां केरींतील स्वयंसेवकांचें पथक रात्रीअपरात्रीं डोंगर चढतें. एकाच्या हट्टापायीं दहांचे प्राण संकटांत पडतात.

म्हणून शिखर समोर दिसत असतांही, ढग उतरूं लागल्यास परत फिरणें यांत कमीपणा नाहीं. डोंगर तेथेंच राहणार आहे. चढणारा सुखरूप घरीं पोंचला, तर तो पुन्हां येऊं शकेल.