दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यासाची जागा

मुलांच्या अभ्यासासाठी घरात स्वतंत्र खोली असावी, असा सल्ला पालकांना नेहमीच दिला जातो. सल्ला योग्य असला तरी ज्या कुटुंबाचे सारे घरच एका खोलीचे आहे, त्याला त्याचा उपयोग नाही. अशा कुटुंबांसाठी प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. खोली नसताना अभ्यासाची जागा कशी निर्माण करावी, आणि तीही बेताच्या खर्चात, हा तो प्रश्न होय. मुंबईच्या काळाचौकीसारख्या भागात या प्रश्नाचा विचार करणे विशेष उद्बोधक ठरेल.

गिरणगावातील घर

लालबाग, शिवडी, कॉटन ग्रीन आणि घोडपदेव यांच्या मधोमध वसलेली काळाचौकी ही मूळची गिरणी कामगारांची वस्ती. इंडिया युनायटेड मिलच्या दोन व तीन क्रमांकाच्या गिरण्या याच भागातल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार येथील चाळींत राहिले. पुढे अभ्युदयनगरसारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीही उभ्या राहिल्या. घर मात्र बहुतेकांचे लहानच राहिले. स्वयंपाक, जेवण, पाहुणा, आजारपण आणि झोप या सर्वांना एकच खोली.

गिरण्या तीन पाळ्यांत चालत. रातपाळी करून आलेला कामगार दिवसा झोपे. त्यामुळे घरातील मुलांचा अभ्यास शाळेच्या वेळापत्रकाबरोबरच गिरणीच्या भोंग्यावरही अवलंबून असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर अनेक घरांतील मुलांवर लवकर मिळवते होण्याची पाळी आली. ज्यांचे शिक्षण तुटले त्यांच्यापैकी कित्येकांनी रात्रशाळेची वाट धरली. अभ्यासाला जागा नसणे ही किरकोळ गैरसोय नसून शिक्षण अर्धवट सुटण्यास हातभार लावणारे ते एक कारण आहे, ही गोष्ट गिरणगावाने फार पूर्वीच अनुभवली आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हाच अनुभव पुन्हा आला. मुंबईतील पहिली ते सातवीचे वर्ग प्रत्यक्ष भरण्यास १५ डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात घर हीच शाळा झाली. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठ्यपुस्तकांवर आधारित मालिका दाखविण्यात आली, तर अन्य पाठ मोबाईलवर येत. परंतु घरात दूरदर्शन संच एक, मोबाईल एक, खोली एक आणि मुले दोन किंवा तीन अशी स्थिती असेल, तर कोणी केव्हा व कोठे बसावे हे ठरविल्याखेरीज कोणत्याही साधनाचा लाभ होत नाही.

परळचे उदाहरण

काळाचौकीलगतच्या परळ भागात याविषयीचे एक थोर उदाहरण घडले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना त्यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत असे. घरातील गडबडीत अभ्यास होणे कठीण, हे जाणून त्यांचे वडील सुभेदार रामजी यांनी एक व्यवस्था लावली. मुलाला ते लवकर झोपवीत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. मग त्याला उठवून अभ्यासास बसवीत व त्याच्या जागी स्वतः झोपत. एकच जागा वेळ विभागून दोघांनी वापरली. घराबाहेर चर्नी रोडच्या बागेत बसून वाचण्याचाही या विद्यार्थ्याचा परिपाठ होता. तेथेच शिक्षक व लेखक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९०७ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

पुढे परळच्याच इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या, त्यांपैकी एक अभ्यासासाठी राखली. त्यानंतर दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले ते ग्रंथांसाठीच. परंतु या प्रवासाचा आरंभ खोलीने झाला नाही. घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने आपली झोप बाजूला ठेवून दिलेल्या वेळेने झाला, हे विसरता कामा नये.

प्रथम वेळ, नंतर वस्तू

यावरून पहिली पायरी स्पष्ट होते. फळी किंवा दिवा आणण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून अभ्यासाची वेळ निश्चित करावी. दोन तास पुरेत, परंतु ते रोज तेच असावेत. त्या वेळेत दूरदर्शन संच बंद राहील, मोठ्याने बोलणे होणार नाही आणि अभ्यासाला बसलेल्या मुलास पाणी भरणे, दुकानात जाणे अशी कामे सांगितली जाणार नाहीत, एवढे तीन नियम पाळले तरी निम्मे काम होते. विशेषतः मुलींच्या बाबतीत तिसरा नियम कसोशीने पाळणे अगत्याचे आहे. घरात दोन मुले असल्यास एकाने पहाटे व दुसऱ्याने सायंकाळी बसावे. वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीवर लावावे.

त्यानंतर जागेचा विचार. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट. एका मुलास मांडी घालून बसण्यास व पुढ्यात मेज ठेवण्यास तीन फूट लांब व अडीच फूट रुंद जागा पुरते. म्हणजे साडेसात चौरस फूट, सबंध खोलीचा सुमारे सोळावा भाग. चुलीपासून, मोरीपासून व दारापासून दूर असलेला कोपरा यासाठी निवडावा. मुलाचे तोंड भिंतीकडे असावे, म्हणजे खोलीतील हालचालीने लक्ष विचलित होत नाही.

चाळीची गॅलरी पहाटेच्या वाचनास चांगली असते. परंतु ती सामाईक वाट आहे. तेथे मेज, कपाट अशा वस्तू कायम ठेवून ती अडवू नये. पोटमाळ्याचा उपयोग करावयाचा असल्यास वरती ताठ बसता येते काय आणि वारा खेळतो काय, हे आधी पाहावे. पत्र्याखालचा माळा दुपारी तापतो. तेथे पहाटेच अभ्यास व्हावा.

खर्चाचा क्रम

पैसे थोडे असतील तर ते कोणत्या क्रमाने खर्च करावेत, हे महत्त्वाचे आहे.

पहिला खर्च उजेडाचा. खोलीच्या मध्यावरील दिव्याखाली भिंतीकडे तोंड करून बसल्यास स्वतःचीच सावली वहीवर पडते. म्हणून कोपऱ्यासाठी वेगळा दिवा हवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डाव्या बाजूने व डावखुऱ्याच्या उजव्या बाजूने उजेड यावा. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज चार तास लावला तरी महिन्याला सुमारे एक युनिट वीज लागते. जुन्या साठ वॅटच्या दिव्यास तेवढ्याच वेळात सात युनिटांहून अधिक लागत. वीज वाचविण्यासाठी अभ्यासाच्या दिव्यात काटकसर करण्याचे कारण आता उरलेले नाही. जोडणी मात्र जाणकार तारतंत्र्याकडून करून घ्यावी. उघड्या वायरी लोंबत ठेवू नयेत.

दुसरा खर्च लिहिण्याच्या पृष्ठभागाचा. दोन फूट लांब व दीड फूट रुंद फळी भिंतीला बिजागऱ्यांनी बसविली, की अभ्यासाच्या वेळी ती आडवी करता येते व एरवी भिंतीला टेकून राहते. बैठक जमिनीवर असेल तर मुलाचे कोपर सहज टेकेल अशा उंचीवर ती बसवावी. मूल वाढेल तशी ती वर सरकवावी लागते. ती खिळ्यांच्या आधारावर न ठेवता पक्क्या कंसांवर टेकवावी. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसल्यास बैठे मेज घ्यावे आणि काम झाल्यावर पलंगाखाली सरकवावे. सुताराकडील उरलेल्या प्लायवूडमध्ये ही दोन्ही कामे होतात. कडा मात्र घासून घ्याव्यात.

तिसरा खर्च पुस्तकांच्या जागेचा. प्रत्येक मुलाची एक पेटी किंवा एक फडताळ स्वतंत्र असावे. जुनी पत्र्याची ट्रंकही चालते. ती उंदरांपासून व पावसाळ्यातील ओलीपासून पुस्तके सांभाळते. भिंतीचा दोन-तीन फुटांचा भाग काळ्या रंगाने रंगवून घेतल्यास फळ्याची सोय होते आणि रोजच्या सरावात कागद वाचतो.

खुर्ची, शोभेच्या वस्तू, महागडे दिवे यांचा क्रम शेवटचा.

शाळा आणि पंचायत

काही घरे इतकी भरलेली असतात की तेथे साडेसात चौरस फूटही निघत नाहीत. त्यांची जबाबदारी समाजाने उचलावयास हवी. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगार वस्त्यांत रात्रशाळा व वाचनालये चालवून हा मार्ग दाखविला होता. सायंकाळी रिकामे राहणारे शाळेचे वर्ग, समाजमंदिरे, उत्सव मंडळांची कार्यालये येथे दोन तासांची अभ्यासिका चालविता येते. तिला इमारत नवी लागत नाही. किल्ली सांभाळणारा एक जबाबदार माणूस, पुरेसा उजेड, स्वच्छतागृह आणि मुलींना घरी सुखरूप पोचविण्याची व्यवस्था लागते.

ग्रामीण भागातही याचे अनुकरणीय उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद करावयाचे आणि दीड तास मुलांनी अभ्यास करावयाचा. ज्या भोंग्यावर गिरणगावाचे पालक कामाला जात, तोच या गावात मुलांना अभ्यासाला बसवू लागला. यासाठी पंचायतीला फार मोठा निधी लागला नाही. ग्रामस्थांचे एकमत लागले.

शिक्षकांनीही गृहपाठ देताना मुलाच्या घरची जागा लक्षात घ्यावी. गृहभेटीच्या वेळी ‘अभ्यास करतोस का?’ असे विचारण्याऐवजी ‘कोठे व केव्हा बसतोस?’ असे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर दोष मुलाचा नाही, हे ओळखावे. सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावीला बसणाऱ्यांना तर शाळेचा वर्गही नसतो. अशा विद्यार्थ्यांचा अभ्यासिकांनी आवर्जून शोध घ्यावा.

घरातील अभ्यासाचा कोपरा हा शाळेला पर्याय नव्हे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शाळेवरील हक्क २००९ च्या कायद्याने मान्य केला आहे. परंतु शाळेत शिकलेले टिकते ते घरी शांतपणे बसावयास मिळाले तर. त्यासाठी लागणारी फळी आणि दिवा बाजारात मिळतात. दोन तासांची शांतता मात्र घरातील आणि गावातील मोठ्या माणसांनीच द्यावयाची असते.