पाचारण की पगार?

प्रश्न : मी अहिल्यानगरची परिचारिका. प्रार्थनेत सारखे जर्मनीचे नाव मनात येते. आई म्हणते, देव नाही, पगार बोलावतोय. कसे ओळखू?

उत्तर : ताई, पगार हवासा वाटतो म्हणून पाचारण खोटे ठरत नाही, पौलही तंबू शिवून पोट भरत होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ पुन्हा वाचा. आशिया आणि बिथुनियाच्या वाटा अडल्यावर त्याला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत झाला, पण त्याचा अर्थ सोबत्यांनी मिळून लावला. तेव्हा पाळकांशी आणि आईशीही बोला, आणि ‘नको’ म्हणायची मुभा त्यांना खरोखर द्या. नुसत्या माना डोलवून घेण्यात काय अर्थ?

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या ओढीने इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने ते शिक्षण राहिले. पुढे अमेरिकेहून परतून १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. जाणे म्हणजे कायमचे जाणेच, असे धरून चालू नका.

जर्मन भाषेचा वर्ग मात्र लगेच लावा. एजंटची ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी आहे का तेही पाहा, आणि त्याआधी एक रुपयाही देऊ नका.