वल्लभेशाच्या वाटेवरचा तो एक चोर



सप्ताहात पहिल्या दिवशी नऊ अध्याय होतात आणि दुसऱ्या दिवशी बसलो की लगेच दहावा लागतो. वल्लभेश नावाचा ब्राह्मण व्यापारी. नफा झाला तर कुरवपूरला सहस्रभोजन घालीन, असा त्याचा नवस. द्रव्य घेऊन निघाला, चोर सोबती बनून बरोबर आले आणि वाटेत त्यांनी त्याचे शिर कापले. श्रीपाद श्रीवल्लभ त्रिशूळ घेऊन प्रकटले व त्यांनी चोरांना मारले. एक जण मात्र पाया पडून म्हणाला, मला हे ठाऊक नव्हते, मी नुसता यांच्या संगतीने आलो. महाराजांनी त्याला सोडले.

वल्लभेश जिवंत झाला की आपण हात जोडतो आणि पुढे जातो. मी मात्र बरीच वर्षे या माणसापाशी अडतो.

जुन्या दंडसंहितेत ३४ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेत ते ३(५) म्हणून आले. अनेकांनी एकच इरादा धरून गुन्हा केला, तर प्रत्येक जण एकट्याने केल्यासारखाच जबाबदार. म्हणजे नुसते बरोबर असणे पुरत नाही, इरादा हवा. कोर्टाला तो साक्षीपुराव्यावरून ताडावा लागतो. महाराजांना त्याच्या पोटातले दिसत होते. पण आपल्या पोटातले आपल्यालाही दिसतेच की!

संगणक यायच्या आधीची गोष्ट. ठराविक रकमेपर्यंत सही ताडून पैसे द्यायचा अधिकार माझ्याकडे होता. महिन्याची सुरुवात, ही गर्दी! एका सहकाऱ्याने स्लिप पुढे सरकवली, "घरचाच माणूस आहे, देऊन टाक." नमुना सहीचे कार्ड दोन पावलांवर. मी उठलो नाही. खाते एका विधवा बाईंचे, सही पुतण्याने केलेली. सहकाऱ्यावर कारवाई झाली, बाईंना पैसे परत मिळाले, माझा हेतू नव्हता असे ठरले. खरेच नव्हता. पण सही जरा वेगळी वाटली होती. हे मी चौकशीत बोललो नाही. कोणी विचारलेही नाही.

आता पोथीत पुढे पाहा. त्या माणसाला सोडले, पण तसेच घरी नाही धाडले. हाती विभूती देऊन, ती लावून शिर धडाला जोडायला सांगितले. वल्लभेश उठतो तेव्हा जवळ हाच एकटा, आणि झाले ते सगळे यालाच स्वतःच्या तोंडाने त्याला सांगावे लागते. शिक्षा म्हणा, कृपा म्हणा, मला दोन्ही वाटते.

त्या बाई पुढे कित्येक वर्षे पेन्शनला माझ्याच काउंटरवर येत. "बरे आहात ना, भाऊ?" विचारीत. मी नोटा मोजून देई. आता त्या नाहीत. गेल्या दत्तजयंतीच्या सप्ताहात दहावा झाला, पारायण आटोपून उठलो आणि त्यांच्या मुलीला फोन लावला. कार्ड न काढल्याचे, शंका आल्याचेही सांगितले. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "काका, आता सांगून काय?"

मला काही उत्तर देता आले नाही.