औषधाचा योग्य मार्ग

हुबळीच्या विद्यानगरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५७ साली सुरू झाले. अशा मोठ्या रुग्णालयात असो वा गावच्या उपकेंद्रात, परिचारिकेने औषध देण्याचा नियम एकच आहे: औषधाइतकाच त्याचा मार्गही अचूक हवा.

बालकाच्या लसीकरणात हे स्पष्ट दिसते. पोलिओचे दोन थेंब तोंडावाटे देतात. नवजात बालकास बीसीजी ०.०५ मिलिलिटर डाव्या दंडाच्या त्वचेतच टोचतात. पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या स्नायूत, तर गोवर-रुबेलाची उजव्या दंडात त्वचेखाली देतात. बीसीजी त्वचेखाली खोलवर गेल्यास गळू होण्याचा संभव असतो.

म्हणून व्यक्ती, औषध, मात्रा, मार्ग व वेळ या पाच बाबी परिचारिकेने प्रत्येक वेळी पडताळाव्यात आणि नोंद तत्काळ करावी. मातेनेही कोणती लस कोठे टोचणार, हे निःसंकोचपणे विचारावे.