दादींची खुर्ची

आमचे घर म्हणजे एकच खोली. ती १० फूट रुंद व १२ फूट लांब आहे. दादींना गझला फार आवडतात. म्हणून अब्बांनी एक जुना स्टिरिओ आणला. त्याचे दोन स्पीकर त्यांनी दोन कोपऱ्यांत जमिनीवर, भिंतीला चिकटवून ठेवले.

दादी ऐकू लागल्या; पण त्यांना नुसती घूंघूं ऐकू येई. शब्द कळेनात. अब्बा आवाज वाढवत. मग भिंत हादरू लागे.

एके संध्याकाळी शेजारची ताई आली. ती हळूच म्हणाली, "आजी, माझी दहावीची परीक्षा जवळ आली आहे. आवाज थोडा कमी कराल का?"

दादींनी लगेच स्टिरिओ बंद केला. त्या दिवसापासून त्यांनी तो लावलाच नाही. अब्बांना वाईट वाटले. ते म्हणाले, "आता मोठे स्पीकर घेऊ."

रविवारी मामू आले. ते म्हणाले, "दुल्हाभाई, लहान खोलीला लहान स्पीकरच बरे. दोष स्पीकरचा नाही, जागेचा आहे. जागा बदलायला पैसे लागत नाहीत!"

मी विचारले, "मामू, जागेने आवाज कसा बदलतो?"

मामू म्हणाले, "बेटा, आवाज भिंतीवर आपटून परत येतो. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून जाड आवाज आणखी वाढवतात. त्याखाली शब्द दबतात. बारीक आवाज सरळ पुढे जातो. स्पीकर जमिनीवर असला, तर तो कानापर्यंत नीट पोहोचत नाही."

मग आम्ही कामाला लागलो. स्पीकर ताईच्या भिंतीपासून दूर, समोरच्या भिंतीकडे नेले. ते दोन स्टुलांवर ठेवले. आता ते बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर आले. मागच्या भिंतीपासून १ फूट जागा सोडली. दोन स्पीकरांत ५ फूट अंतर ठेवले. दादींची खुर्चीही प्रत्येक स्पीकरपासून ५ फुटांवर ठेवली. स्पीकरांची तोंडे थोडी खुर्चीकडे वळवली. मामूंनी तारा तपासल्या. लाल खुणेची तार लाल जागी, काळी काळ्या जागी. अम्मीने उघड्या भिंतीवर जाड पडदा लावला.

अब्बांनी आवाज अगदी कमी ठेवला. दादी डोळे मिटून ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आता शब्दन् शब्द कळतो!"

मी धावत ताईकडे गेलो. "ताई, आवाज येतो का?"

ती पुस्तकातून वर पाहत म्हणाली, "कसला आवाज?"

मुलांनो, आवाज मोठा असला म्हणजे चांगला, असे नाही. तो नीट पोहोचला पाहिजे. भारतात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. पण खरा नियम सोपा आहे : आपला आनंद शेजाऱ्याचा त्रास होऊ नये.

शब्दार्थ
हादरणे – थरथरणे. मर्यादा – सीमा. डेसिबल – आवाज मोजण्याचे एकक.

स्वाध्याय
१. दादींनी स्टिरिओ लावणे का बंद केले?
२. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरमुळे शब्द का कळत नव्हते?
३. वाक्यात उपयोग करा : कामाला लागणे, वाईट वाटणे.
४. उपक्रम : घरातील रेडिओ आधी कोपऱ्यात व मग स्टुलावर ठेवून ऐका. फरक चार ओळींत लिहा.